उजव्या सोंडेचा गणपती आणि एक चुकलेली कमांड

सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्या घरी जो गणपती येतो, त्याची सोंड डावीकडे असते की उजवीकडे? आठवून सांगा. आणि डावी म्हणजे कोणाची डावी? तुमची, की गणपतीची?

हा प्रश्न मी एकदा मेसमध्ये टाकला, तर आमटी गार होईपर्यंत वाद चालला! उत्तर सोपं आहे. सोंडेची बाजू मूर्तीच्या हाताप्रमाणे धरतात, बघणाऱ्याच्या नाही. घरोघरी येतो तो बहुतेक डाव्या सोंडेचा. उजव्या सोंडेचा गणपती ‘कडक’ मानतात, त्याचं सोवळंओवळं फार पाळावं लागतं, म्हणून लोक तो घरी आणायला बिचकतात. प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा आहे. अष्टविनायकांपैकी फक्त सिद्धटेकचा उजव्या सोंडेचा. आपल्या रायगड जिल्ह्यातले दोघे, पालीचा बल्लाळेश्वर आणि महडचा वरदविनायक, डाव्या सोंडेचे.

पण हा लेख गणपतीवर नाही. तो एका गोष्टींच्या पुस्तकावर आहे. विज्ञानकथा कशी वाचावी, आणि इंजिनियरिंगच्या मुलांनी ती का वाचावी, हा त्याचा विषय. गणपती मध्ये येतो कारण त्या पुस्तकात तो आहे, आणि माझ्या घरातही आहे. माझं घर रोह्याला, आजोळ पेणला. बाबा धाटावच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्याच्या लॅबमध्ये, आणि मामाचा पेणला गणपतीचा कारखाना. दिवा–रोहा गाडीने पेण, कासू, नागोठणे, रोहा एवढाच काय तो प्रवास. पण डावं-उजवं म्हणजे काय हे नीट कळायला मला या दोन्ही टोकांची गरज लागली. आणि मधोमध एका पुस्तकाची.

पुस्तक हातात कसं आलं

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी वाचता येतं, पण बोट ठेवून वाचल्यासारखं. अकरावीला एनसीईआरटीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजीच्या पुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावाचा धडा होता. लेखक जयंत नारळीकर. धडा आवडला, पण तो मुळात मराठी गोष्टीचा अवतार आहे हे मला माहीतच नव्हतं! कॉलेजच्या लायब्ररीत मराठीच्या कपाटात ‘यक्षांची देणगी’ सापडलं, त्यात ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही गोष्ट वाचायला घेतली, आणि दुसऱ्या पानावर लक्षात आलं की, अरे, हे गृहस्थ आपल्या ओळखीचे आहेत.

‘यक्षांची देणगी’ १९७९ साली मौज प्रकाशन गृहाने काढलं. मौज म्हणजे गिरगावातली एक छोटी, पण चोखंदळ प्रकाशन संस्था. कविता आणि ललित साहित्य छापणाऱ्या या मंडळींनी एका खगोलशास्त्रज्ञाच्या विज्ञानकथा छापल्या, हे त्या काळात विशेषच म्हणायला हवं. विज्ञानकथा म्हणजे मुलांच्या गमतीजमती, असा तेव्हा अनेकांचा समज होता.

नारळीकरांचं या प्रांतात येणंसुद्धा गोष्टीसारखंच आहे. १९७२ साली ते केंब्रिजहून परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले होते. मराठी विज्ञान परिषद ही संस्था १९६६ पासून मराठीतून विज्ञान पोचवण्याचं काम करते, आणि विज्ञानकथांची स्पर्धाही घेत असे. नारळीकरांनी १९७४ च्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण स्वतःच्या नावाने नाही! जयंत विष्णु नारळीकर ही आद्याक्षरं उलटी केली आणि ‘नारायण विनायक जगताप’ असं नाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहवून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी तिचं कौतुक केलं. मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उलटं केलेलं नाव. आद्याक्षरं आरशात बघावीत तशी उलटी! पुढे ज्या गोष्टीबद्दल मी लिहिणार आहे, तिची ही जणू नांदीच.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. आमच्या हॉस्टेलमध्ये त्या दिवशी स्टेटसवर त्यांचे फोटो खूप लागले. पुस्तक वाचलेले मात्र आम्ही दोघंतिघंच निघालो. म्हणून हा लेख.

धडा पहिला : साचा

त्या संग्रहात ‘उजव्या सोंडेचा गणपती’ नावाची कथा आहे. तिच्यात एक क्रिकेटपटू आहे, त्याचा शास्त्रज्ञ मित्र आहे, आणि गणपतीची मूर्ती आहे. एखादी वस्तू तिच्या आरशातल्या प्रतिमेसारखी करता आली, म्हणजे तिचं डावं ते उजवं झालं, तर काय होईल, ही त्या कथेची कल्पना. यापेक्षा जास्त सांगून मजा घालवत नाही.

गोष्ट वाचताना मला मामाचा कारखाना आठवला. नऊ-दहा वर्षांची असेन. मे महिन्याच्या सुट्टीत पेणला गेले होते. कारखान्यात साचे उघडून ठेवलेले होते. मी एका साच्यात डोकावले तर आत गणपतीचा चेहरा, आणि सोंड चक्क उजवीकडे! मी ओरडत मामाकडे गेले, “मामा, तू उजव्या सोंडेचा साचा केलास!” मामा हसला. त्याने साच्यात शाडू दाबून भरली, मूर्ती काढून माझ्यासमोर धरली. सोंड डावीकडे.

हे असं का होतं? एखादा कागद घ्या आणि समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. मूर्तीसमोर आपण उभे राहतो तेव्हा तिचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो. पण साच्याच्या पुढच्या अर्ध्या भागात डोकावताना आपण जणू मूर्तीच्या पाठीमागून, तिच्या डोक्याच्या आतून बाहेर बघत असतो. आता तिचं डावं ते आपलंही डावं. पण डोळ्यांना सवय समोरून चेहरा बघायची, त्यामुळे तो खोलगट चेहरा फुगीर वाटतो आणि सोंड उजवीकडे गेल्याचा भास होतो.

थोडक्यात काय, तर साचा एकदा उलटं करतो आणि मूर्ती निघताना ते परत सुलटं होतं. उणे गुणिले उणे बरोबर अधिक! डाव्या सोंडेच्या मूर्तीवरून साचा, साच्यावरून मूर्ती, त्या मूर्तीवरून पुन्हा साचा, असं शंभर वेळा केलं तरी उजव्या सोंडेचा गणपती मिळणार नाही. मूर्ती फिरवून, आडवी करून, डोक्यावर उभी करूनही मिळणार नाही. उजव्या हाताचा हातमोजा कितीही फिरवला तरी डाव्या हातात नीट बसत नाही, तसंच.

धडा दुसरा : कागदाची पट्टी

मग नारळीकरांच्या गोष्टीत हे होतं कसं? त्यासाठी एक प्रयोग करा. रूमवर पाच मिनिटांत होतो.

ट्रेसिंग पेपरची साधारण ३० सेंटीमीटर लांब आणि ३ सेंटीमीटर रुंद पट्टी कापा. दोन्ही टोकं जवळ आणा, पण चिकटवण्याआधी एका टोकाला अर्धा पीळ द्या. ही झाली मोबियसची पट्टी. १८५८ साली मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांनी स्वतंत्रपणे तिचा अभ्यास केला. आता पट्टीवर कुठेही ‘ग’ लिहा, गणपतीचा. त्याची शिरोरेघ पट्टीच्या कुठल्या कडेला आहे ते बघा. मग ती कड न सोडता दर दोन सेंटीमीटरवर तसाच ‘ग’ लिहीत पुढे सरका. पेन उचलून पट्टीच्या दुसऱ्या बाजूला जायचं नाही. एक फेरी झाली की तुम्ही पहिल्या ‘ग’च्या जागी येता, पण कागदाच्या मागच्या अंगाला! कागद पारदर्शक आहे, त्यामुळे दोन्ही ‘ग’ एकाच वेळी दिसतात. कितीही फिरवा, जुळत नाहीत. एक दुसऱ्याचा आरसा झालेला असतो.

पट्टीवर राहणारा एखादा सपाट प्राणी असता तर तो एक चक्कर मारून आला की डावखुरा झाला असता. त्याला स्वतःला काहीच कळलं नसतं. त्याला वाटलं असतं की आपण तसेच आहोत आणि जगच उलटं झालं!

आता पुढची उडी. सपाट ‘ग’ उलटा करायला सपाट जगाला पीळ द्यावा लागला, आणि त्यासाठी तिसरी मिती लागली. मग आपल्यासारखी, मूर्तीसारखी घनवस्तू उलटी करायला? त्यासाठी चौथी दिशा हवी, किंवा अवकाशालाच असा पीळ हवा. नारळीकरांची कथा ही उडी घेते. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १८९६ साली ‘द प्लॅटनर स्टोरी’ या कथेत असाच एक शिक्षक चौथ्या मितीतून फिरवून आणला होता. परत आला तेव्हा त्याचं काळीज उजवीकडे! नारळीकरांनी हीच जुनी कल्पना घेऊन तिला गणपतीची सोंड लावली, आणि ती एकदम आपली झाली. इंग्रजी वाचकाला काळीज उजवीकडे गेलं की धक्का बसतो. मराठी माणसाला सोंड उजवीकडे वळलेली दिसली की आधी हात जोडावेसे वाटतात आणि मग भीती वाटते.

चुकलेली कमांड

इथपर्यंत वाचून मला वाटलं, आपल्याला सगळं कळलं. मग गेल्या वर्षी जूनमध्ये मामाचा फोन आला.

मुंबईच्या एका गिऱ्हाइकाला उजव्या सोंडेचा गणपती हवा होता, पण अगदी मामाच्या एका ठरावीक मूर्तीसारखा. बसण्याची पद्धत तीच, मुकुट तोच, फक्त सोंड उजवी. मामाकडे त्या मूर्तीचा साचा डाव्या सोंडेचाच. मामा म्हणाला, “बाय, तू इंजिनियरिंगला आहेस ना? तुमच्या कॉम्प्युटरात उलटं करून मिळतं म्हणतात. जमेल काय?”

जमेल काय म्हणजे! मला तर नारळीकरांचा शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटलं. कॅडमध्ये ‘मिरर’ ही कमांड आपण पहिल्या वर्षापासून वापरतो. प्रत्येक बिंदूचा क्ष हा उणे क्ष करायचा, बस्स. चौथी मिती नको, अवकाशाला पीळ नको, एक क्लिक! मी पेणला गेले, मूर्तीभोवती फिरून मोबाइलवर साठ-सत्तर फोटो काढले, त्यावरून कॉम्प्युटरवर मॉडेल तयार केलं, मिरर मारलं, आणि लॅबमधल्या थ्री-डी प्रिंटरवर वीतभर उंचीची मूर्ती छापून काढली. हे पसंत पडलं की मोठी छापायची आणि तिच्यावरून रबरी साचा करायचा, असा बेत. लॅबमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी ती मूर्ती डब्यात घालून मामाकडे नेली. मामाने हातात घेतली, चष्मा वर केला, आणि एकच वाक्य म्हणाला, “बाय, हा कुणाच्या श्राद्धाला बसलाय?”

मला कळेचना. कारखान्यातली माणसं हसायला लागली. मग मामाने बोटाने दाखवलं. जानवं! जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली जातं, त्याला सव्य म्हणतात. उजव्या खांद्यावरून घेतलं की ते अपसव्य, आणि तसं पितरांच्या कार्यात घेतात. माझ्या गणपतीचं जानवं उजव्या खांद्यावर गेलेलं. एवढ्यावरच भागलं नव्हतं. आशीर्वादाचा उजवा हात डावा झाला होता आणि मोदक उजव्या हातात आला होता. डाव्या हाताने आशीर्वाद देणारा, श्राद्धाला बसलेला गणपती! गिऱ्हाइकाच्या घरी तो गेला असता तर पेणच्या नावाचं काय झालं असतं? मामाचा व्यवसाय नावावर चालतो. एकदा बोलबाला झाला की पुढच्या वर्षी ते घर दुसरीकडे जातं.

मी सोंड बघत होते. कमांड मात्र सगळंच उलटं करत होती.

मामाने काय केलं ते सांगते. त्याच्या नेहमीच्या साच्यातून डाव्या सोंडेची मूर्ती काढली. ओली असतानाच सोंड कापली, मातीची वळकटी केली आणि ती उजवीकडे वळवून बसवली. कोरणीने सुरकुत्या काढल्या, पाण्याच्या बोटाने सांधा पुसला. जानवं, हात, मोदक, सगळं जिथल्या तिथे. दुपारचं जेवण ते चार वाजता चहा, एवढ्या वेळात काम झालं. मी गप्प बसून बघत होते.

धडा तिसरा : धाटाव

संध्याकाळच्या गाडीने रोह्याला घरी गेले. बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं बाबाही हसतील. पण ते म्हणाले, “तू केलंस ते आणि मामाने केलं ते, दोन्हीला आमच्या केमिस्ट्रीत वेगवेगळी नावं आहेत.” आणि मग जेवणं झाल्यावर माझा तास घेतला. तो थोडक्यात देते, कारण केमिकलवाल्यांना हे पाठ असतं पण आम्हा मेकॅनिकलवाल्यांना नसतं.

कार्बनच्या अणूला चार वेगवेगळे गट जोडलेले असले की त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते, एक दुसऱ्याचा आरसा. डावा हात आणि उजवा हात यांसारखी. लुई पाश्चर यांनी १८४८ साली टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली बघून चिमट्याने डावे-उजवे वेगळे केले होते. टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेत असतं तेच. दोन्ही प्रकारांचं वजन सारखं, वितळण्याचं तापमान सारखं. फरक इतकाच की ध्रुवित प्रकाश एक प्रकार डावीकडे वळवतो, दुसरा उजवीकडे. बाबांच्या लॅबमध्ये पोलरिमीटर नावाचं यंत्र हेच मोजतं.

मग फरक पडतो कुठे? शरीरात. कारण आपलं शरीरच एका हाताचं बनलेलं आहे. आपली प्रथिनं डाव्या प्रकारच्या अमायनो आम्लांची, आणि आपण खातो ती ग्लुकोज साखर उजव्या प्रकारची. कार्वोन नावाचा एक पदार्थ आहे. त्याचा एक प्रकार पुदिन्यात असतो, त्याचीच आरशातली प्रतिमा शेपूच्या बियांत, म्हणजे बाळंतशेपात असते. अणू तेच, संख्या तीच, पण नाकाला एक पुदिना वाटतो आणि दुसरा बाळंतिणीची खोली! आपल्या नाकातली कुलपंही डावी-उजवी असतात, म्हणून.

याची दुःखद बाजूही आहे. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ पासून जर्मनीत विकलं जाऊ लागलं, गरोदर स्त्रियांना मळमळीवरही दिलं गेलं. १९६१ च्या अखेरीला ते बाजारातून काढेपर्यंत जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. त्या औषधाचे डावा आणि उजवा असे दोन प्रकार होते, आणि घातक परिणाम त्यातल्या एकाचा मानतात. पण नुसता ‘चांगला’ प्रकार दिला असता तरी उपयोग नव्हता, कारण शरीरात गेल्यावर ते एकमेकांत बदलतात. म्हणजे मिरर कमांड आपोआप चालू राहते!

आता मुद्द्याची गोष्ट. समजा एखाद्या रेणूत असे चार-पाच डावे-उजवे सांधे आहेत. सगळेच्या सगळे उलटे केले तर मिळते ती आरशातली प्रतिमा. माझी थ्री-डी मूर्ती! पण एकच सांधा उलटा केला आणि बाकीचे तसेच ठेवले, तर तयार होतो तो तिसराच पदार्थ. रसायनशास्त्रात त्याला डायस्टिरिओमर म्हणतात. ग्लुकोजचा फक्त चौथा कार्बन उलटा केला की ती गॅलॅक्टोज होते, दुधातल्या साखरेचा अर्धा भाग. मामाचा गणपती हा डायस्टिरिओमर! आणि ग्लुकोजचे सगळे सांधे उलटे केले तर मिळणारी साखर गोड लागते, पण शरीराला ती अन्न म्हणून वापरता येत नाही. दिसायला जेवण, पोटात उपास.

मामा चौथीपर्यंत शिकलाय. सोंड बदलणं आणि मूर्ती उलटी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला एका नजरेत दिसलं. मला त्यासाठी एक पुस्तक, एक प्रिंटर आणि बाबांचा तास लागला.

तर मग विज्ञानकथा म्हणजे काय?

आता परत पुस्तकाकडे येते. आपल्यापैकी बरेच जण समजतात की विज्ञानकथा म्हणजे रोबो, यान, परग्रहावरचे हिरवे लोक. मला या सगळ्या प्रकारानंतर वेगळी व्याख्या सुचली. विज्ञानकथा म्हणजे एकच गोष्ट बदलायची, आणि मग तिच्यामुळे आणखी काय काय बदलतं ते प्रामाणिकपणे शेवटपर्यंत बघायचं. सोंड वळवली तर जानव्याचं काय, हे विचारायचं.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ बघा. त्यात बदललेली गोष्ट किती छोटी! १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावाला लागलेली गोळी त्याला लागत नाही, चाटून जाते. बस्स, एवढंच. पण नारळीकर तिथे थांबत नाहीत. मराठे जिंकतात, मग इंग्रजांचं राज्य देशभर पसरत नाही, ते मुंबईपुरतं उरतं. मग पुण्याहून मुंबईला निघालेले गंगाधरपंत ज्या गाडीत बसतात तिचं नावही वेगळं, आणि ती गाडी आपल्या कर्जतवरून पुढे गेल्यावर वाटेत सरहद्द लागते, परवाने तपासले जातात! हा परवाने तपासणारा माणूस म्हणजेच जानवं. पानिपतची गोळी चुकवणं कोणालाही सुचेल. त्या गोळीमुळे रेल्वेच्या डब्यात कोण शिरेल, हे ज्याला सुचतं तो विज्ञानकथाकार.

याउलट वाईट विज्ञानकथा म्हणजे माझी पहिली मूर्ती. लेखक सोंडेकडे बघत राहतो आणि जानवं बघतच नाही. सिनेमात माणूस अदृश्य होतो, पण मग प्रकाश डोळ्यांत न अडकता आरपार गेला तर त्याला स्वतःला दिसणार कसं, हे कोणी विचारत नाही!

हे फक्त गोष्टीपुरतं नाही हे सांगायला एक ताजी बातमी देते. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ३८ शास्त्रज्ञांनी मिळून एक इशारा दिला. ज्यांचे सगळे रेणू आपल्या उलट हाताचे आहेत असे ‘आरशातले’ जिवाणू भविष्यात प्रयोगशाळेत बनवणं शक्य होऊ शकतं, पण ते बनवू नयेत, असं त्यांचं म्हणणं. कारण आपली प्रतिकारशक्ती कुलूप-किल्लीसारखी चालते, आणि उलट्या हाताची किल्ली तिला ओळखूच येणार नाही. या शास्त्रज्ञांमध्ये असे जिवाणू बनवण्याच्या दिशेने पूर्वी काम करणारेही होते. त्यांनी सोंडेपाशी न थांबता जानव्यापर्यंत विचार केला, आणि हात मागे घेतला. आपणही उद्या प्लांटमध्ये व्हॉल्व्ह बदलू, धरणाच्या भिंतीची उंची बदलू, कोडमधली एक ओळ बदलू. तेव्हा हीच सवय कामाला येणार आहे.

मराठीत असे विचार करणारे नारळीकर एकटे नाहीत. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर ही नावं लायब्ररीत शोधा. जावडेकर तर केमिकल इंजिनियर! भोपाळच्या वायुदुर्घटनेवर त्यांची ‘आकांत’ ही कादंबरी आहे. धाटाव, नागोठणे, थळ अशा रसायनांच्या शेजारी वाढलेल्या आपण मुलांनी ती वाचायलाच हवी. फोंडक्यांनी भारतीय विज्ञानकथांचा ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हा इंग्रजी संग्रह संपादित केला, तो नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ साली काढला. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांनी हवं तर तिथून सुरुवात करा आणि मग मराठीकडे या. मला मराठी गोष्ट वाचायला इंग्रजीच्या तिप्पट वेळ लागला, पण सावकाश वाचल्यामुळे जास्त लक्षात राहिली, हेही खरं.

वाचताना विचारायचे प्रश्न

१. या गोष्टीत नेमकी कोणती एक गोष्ट बदलली आहे? एका वाक्यात लिहा. दोन वाक्यं लागली तर परत वाचा.

२. तो बदल आज आपल्याला माहीत असलेल्या विज्ञानाच्या जवळ आहे, की पूर्ण बाहेर?

३. लेखकाने त्या बदलाचे कोणते परिणाम दाखवले? कोणते राहून गेले? ‘उजव्या सोंडेचा गणपती’ वाचताना हा प्रश्न मनात ठेवा : डावा-उजवा बदललेला माणूस आपल्या मेसमध्ये जेवला, तर त्याचं पोट भरेल का? काही लोकांची काळीज-यकृत जन्मतःच उलट्या बाजूला असतात, पण ते आपलंच जेवण जेवून धडधाकट राहतात. मग यांच्यात आणि त्याच्यात फरक काय?

४. ही गोष्ट दुसऱ्या देशात घडली असती तर काय बदललं असतं?

आणि पाचवं, प्रश्न नाही, गृहपाठ. एक गोष्ट लिहा! विषय इथेच पडलेत. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि कुलाब्याच्या सुया त्यामुळे बिघडल्या असत्या. त्या अलिबागच्या सुया एका सकाळी उलट्या फिरल्या तर? पेणच्या खारभूमीचे बांध राखणाऱ्या गावात समुद्र एक हात वर आला तर? कुंडलिकेचं पाणी एक दिवस अचानक गोड लागायला लागलं तर? आधी बदल एका ओळीत लिहा, मग त्याचे दहा परिणाम. सहाव्या-सातव्या परिणामाशी गोष्ट सापडते, आधी नाही. लिहिलेलं मराठी विभागाच्या भित्तिपत्रकासाठी आणून द्या. नाव द्यायची लाज वाटत असेल तर आद्याक्षरं उलटी करा, थोर माणसांनी तसं केलेलं आहे!

माझी ती वीतभर मूर्ती रूमवर टेबलावर आहे. तिची पूजा करत नाही, पण टाकवतही नाही. समोर छोटा आरसा ठेवलाय. आरशात बघितलं की जानवं बरोबर दिसतं. सोंड मात्र डावीकडे!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल